मास्क मध्यरात्री निघतोय? मशीन परत करण्याआधी एवढं बघून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. लालबागच्या एका ताईंचे मिस्टर ४८ वर्षांचे आहेत, टूरिस्ट गाडी चालवतात, मुंबई-पुणे फेऱ्या चालूच असतात. घोरणं फार जुनं. सिग्नलला गाडी थांबली की डोळा लागायला लागला, तेव्हा कुठे स्लीप स्टडी, म्हणजे रात्री झोपेतला श्वास मोजायची तपासणी, झाली. तासाला ४२ वेळा श्वास अडतो असं रिपोर्टमध्ये आलं. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप दिलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडणारं आणि तो दाब गरजेप्रमाणे आपोआप बदलणारं मशीन. तीन आठवडे ते रोज मशीन लावून झोपतायत आणि रात्री एक-दोनच्या सुमारास झोपेतच मास्क काढून टाकतायत. सकाळी काहीच आठवत नाही. सासूबाई म्हणतात हा व्हेंटिलेटर आहे, एकदा लागला की सुटत नाही. मिस्टर म्हणतात, ‘मला जमणार नाही, परत करून टाक.’ ताईंना विचारायचंय: रात्रभर मास्क राहावा म्हणून काय करायचं, आयुष्यभर हे लावायचं का, आणि ऑपरेशनने भागणार नाही का?

ताई, मी मुंबईत बरीच वर्षं स्लीप स्टडी करते, मास्क बसवून देते आणि पेशंटच्या मशीनचे रिपोर्ट वाचते. तुमच्यासारखे फोन मला पहिल्या महिन्यातच येतात. त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगते: तीन आठवडे रोज नेमाने मास्क लावणारा माणूस ‘जमत नाही’ या वर्गातला नसतो. झोपेत हात आपोआप मास्ककडे जातो त्याला काहीतरी कारण असतं. हवा कमी पडत असते, गळत असते, नाक बंद होत असतं किंवा तोंड कोरडं पडत असतं. ही सगळी कारणं सापडतात आणि बहुतेक दुरुस्त होतात. पण ती शोधण्याआधीच मशीन कपाटावर जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी सासूबाईंची शंका, कारण घरात ती मिटली नाही तर पुढचं सगळं अवघड जातं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी मास्क आणि नळी लावलेली माणसं आयसीयूत पाहिली, तेव्हा त्यांना भीती वाटणं साहजिक आहे. पण हे मशीन श्वास देत नाही. श्वास तुमचे मिस्टरच घेतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि आत ओढलेल्या हवेबरोबर घसा मिटतो, भिजलेली कागदी स्ट्रॉ जोरात ओढली की चिकटते तसा. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो, घसा उघडतो, मोठा घोर येतो आणि पुन्हा तेच. तासाला ३० च्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. तुमच्याकडे ४२ आहे, म्हणजे दीड मिनिटही सलग शांत झोप नाही. मशीन खोलीतलीच साधी हवा थोड्या दाबाने नाकात सोडतं, त्या दाबाने घसा उघडा राहतो, बस. त्यात ऑक्सिजन नाही. म्हणून ‘त्यापेक्षा ऑक्सिजनचं मशीन आणू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, त्याने मिटलेला घसा उघडत नाही. फुप्फुसं आळशी होत नाहीत. मशीन बंद केलं तर मूळचाच आजार परत दिसतो, सवय लागल्याची लक्षणं नव्हेत.

हा काही आता निघालेला प्रकारही नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच पेशंटवर हा उपाय पहिल्यांदा करून दाखवला. तेव्हा प्रत्येकाच्या नाकाच्या मापाचा मास्क बनवून तो सिलिकॉनने रात्री चिकटवावा लागत असे. आणि मुंबईत हा आजार दुर्मिळही नाही. हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा दोष आढळला, आणि दिवसा झोप येण्यासारख्या त्रासासकट पूर्ण आजार ७.५ टक्क्यांमध्ये. तुमच्या चाळीतल्या दर मजल्यावर कुणीतरी असेल, फक्त तपासलेलं नसेल.

आता एक-दोन वाजताच का, ते बघू. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. उत्तररात्री रेम झोप वाढते, म्हणजे स्वप्नांची झोप. त्या वेळी स्नायू जास्तच ढिले पडतात, श्वास जास्त वेळा आणि जास्त वेळ अडतो, ऑक्सिजन जास्त खाली जातो. ऑटो मशीन ते ओळखून दाब वाढवतं. दाब वाढला की जो मास्क अकरा वाजता नीट बसला होता तो कडेने गळायला लागतो, हवा डोळ्यात जाते, तोंड उघडतं, आणि हात मास्क काढून टाकतो. म्हणून ‘अर्धी रात्र तरी लावतोय ना’ यावर समाधान मानू नका. जी अर्धी रात्र उघडी राहते तीच जास्त वाईट असते. २०१६ मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, भारतातले पेशंटही त्यात होते. हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे धोके सीपॅपने कमी झालेले दिसले नाहीत, दिवसाची झोप आणि मनःस्थिती मात्र सुधारली. पण त्यात लोकांनी मशीन लावलं होतं रात्री सरासरी ३.३ तास. माझ्या मते तो आकडा वाचल्याशिवाय त्या निष्कर्षाबद्दल बोलूच नये. रात्री चार तास वापर ही मोजमापासाठी ठरवलेली किमान रेघ आहे, जितकी झोप तितका वेळ मास्क हेच ध्येय ठेवायचं.

आणखी एक विचारते: मिस्टर रात्री लघवीला उठतात का? श्वास अडलेला असताना छातीत जो ताण पडतो त्याने हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि लघवी जास्त होते. म्हणून अ‍ॅप्नियाचे पेशंट दोन-तीनदा उठतात, आणि घरच्यांना वाटतं शुगर वाढली किंवा प्रोस्टेट आहे. काही जण मास्क काढून बाथरूमला जातात, परत येतात आणि झोपेच्या गुंगीत तसेच आडवे होतात. असं असेल तर मास्क काढायचाच नाही. मास्कच्या पुढे नळीचा सांधा असतो तो फक्त सोडवायचा, चेहऱ्यावरचे पट्टे तसेच ठेवायचे, आल्यावर नळी जोडायची. दिवसा दोन-चार वेळा करून बघितलं की अंधारातही जमतं. उपचार नीट बसला की हे उठणंही कमी होतं.

पहिलं काम मशीनचा रिपोर्ट काढणं. मशीनमध्ये मेमरी कार्ड असतं किंवा मोबाईलवर माहिती जाते. तीन गोष्टी बघायच्या: रात्री किती तास वापरलं, हवा किती गळली आणि मशीन लावलेलं असताना तासाला किती वेळा श्वास अडला. हा शेवटचा आकडा पाचच्या खाली हवा. दोन वाजताच्या आधीच्या अर्ध्या तासात गळती वाढलेली दिसली तर गुन्हेगार मास्क आहे. गळती नाही पण श्वास अडणं चालू आहे, तर दाब बघावा लागेल. दोन्ही ठीक आणि तरीही मास्क निघतोय, तर नाकाकडे वळायचं. ‘लावत राहा, सवय होईल’ एवढंच सांगून कुणी परत पाठवत असेल तर नम्रपणे पण ठामपणे रिपोर्ट मागा.

दाबाबद्दल. नवीन ऑटो मशीन अनेकदा ४ ते २० (दाबाचं माप, सेंटीमीटर पाण्यात) अशा पूर्ण पट्ट्यावर सोडून देतात. चारचा दाब जाडजूड शरीराच्या माणसाला अपुरा पडतो, मास्कच्या आत श्वास कोंडल्यासारखा वाटतो. तो म्हणतो ‘मशीनने गुदमरतंय’, घरचे समजतात दाब जास्त झाला, आणि असतं उलट. डॉक्टरांनी खालचा दाब सहा-सात केला की काही जणांची तक्रार त्याच रात्री संपते. रॅम्पचंही तसंच. हळूहळू दाब चढवण्याची ती सोय चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर ठेवली असेल आणि माणूस पाच मिनिटांत झोपत असेल, तर मधला सगळा वेळ श्वास अडतोच. श्वास सोडताना दाब किंचित कमी करण्याची सोयही बहुतेक मशीनमध्ये असते, ती चालू आहे का विचारा. पोटात हवा भरणं, सकाळी ढेकर येणं असेल तर तेही सांगा, त्याचाही संबंध दाबाशी असतो. हे आकडे स्वतः बदलू नका, डॉक्टरांना विचारूनच.

मास्कवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मी लढाई तिथेच असते. मशीनबरोबर तोंड-नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क सरसकट दिला जातो. ज्यांचं नाक कायम बंद असतं त्यांना तो लागतो, पण बाकीच्यांना नाकाचाच मास्क आधी द्यावा असं माझं मत आहे. मोठ्या मास्कला दाब जास्त लागतो, गळती जास्त होते आणि जबड्यावर तो मागे दाब देतो. मिस्टरांना मिशी किंवा दाढी असेल तर नाकाच्या मास्कची कड केसांवर बसते आणि हवा निसटते. अशांना नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारे छोटे पिलो सोयीचे पडतात. मापं लहान, मध्यम, मोठं अशी असतात, आणि अंगापिंडाने मोठ्या माणसाचं नाक मोठंच असेल असं नसतं. मास्क बसवताना आडवं झोपून, मशीन चालू ठेवून, दाब पूर्ण चढल्यावर बसवायचा. उभं राहून आरशात बघून बसवलेला मास्क उशीवर डोकं टेकलं की सरकतो, कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याचं मांस मागे जातं. गळती झाली की लोक पट्टे आवळतात. त्याने सिलिकॉनची कड चुरगळते आणि गळती वाढते, शिवाय नाकाच्या हाडावर जखम होते. मास्क चेहऱ्यावरून किंचित उचलून परत टेकवायचा, म्हणजे कड हवेने फुगून बसते. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जायला हवीत.

आणि तेल. रात्री डोक्याला खोबरेल लावून झोपायची सवय असेल तर ती आंघोळीच्या आधीवर न्या. तेलाने सिलिकॉन निसरडं होतं, लवकर खराब होतं, पट्ट्यांचा ताणही जातो. झोपण्याआधी साबणाने चेहरा धुऊन, पुसून मगच मास्क. सकाळी मास्कची कड सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवायची, उन्हात नाही, सावलीत वाळवायची.

नाकाचं म्हणाल तर लालबाग-परळला चारही बाजूंना बांधकामं, त्यात गाडीवर दिवसभराची धूळ. झोपण्याआधी सलाईनने नाक धुणं साधं आणि उपयोगी आहे. खोलीत मच्छर कॉइल आणि धूप झोपेच्या वेळी नको, ती हवा मशीन खेचून थेट नाकात सोडतं. मशीनचा फिल्टर पुस्तिकेत लिहिलंय त्यापेक्षा मुंबईत लवकर काळा पडतो, दर पंधरा दिवसांनी काढून बघा. नाकाचं हाड वाकडं किंवा मांस वाढलेलं असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकाच्या ऑपरेशनने अ‍ॅप्निया जाईलच असं नाही, पण मास्क सहन होण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

ह्युमिडिफायरची, म्हणजे मशीनमधली हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात खूपदा कमीवर ठेवूनही चालते. पण एसी १८ वर लावून झोपलात तर नळीत वाफ थंड होते, पाणी साचतं, गुडगुड आवाज येतो आणि नाकावर थेंब पडतो. माणूस दचकून मास्क फेकणारच. एसी २५-२६ वर ठेवा, नळी चादरीखालून घ्या आणि मशीन गादीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी नाकाकडे न येता मागे जाईल. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. उकळलेल्या पाण्यात क्षार तसेच राहतात, टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका. जुलै-ऑगस्टमध्ये साठलेल्या पाण्याला आणि ओल्या नळीला बुरशी लागायला वेळ लागत नाही. नळी आतून वाळेपर्यंत दोरीवर टांगून ठेवा.

मास्कची धास्ती बसली असेल तर दिवसा काम करावं लागतं. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून आधी नुसता मास्क, मग नळी जोडून, मग मशीन चालू करून वीस मिनिटं, अर्धा तास. झोपायचं नाही. हवा चालू असतानाही हा मास्क आपण हाताने केव्हाही काढू शकतो हे अंगाला पटलं की झोपेत हात उठणं कमी होतं. लाईट गेली तर गुदमरू का, ही भीती पुष्कळांना असते. मास्कला हवा बाहेर जाण्याची भोकं असतात, मोठ्या मास्कला वेगळी झडप असते, आणि नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं.

तुमच्याकडे एकाच खोलीत सगळे झोपत असणार, म्हणून सांगते: घरातल्यांनी त्यांच्यावर पहारा करू नये. ‘परत काढलात ना!’ हे सकाळी सकाळी ऐकलं की माणूस खोटं बोलायला शिकतो. तुम्हाला रात्री जाग आली आणि मास्क पडलेला दिसला तर हळूच हाक मारून परत लावायला सांगा, सकाळी विषय नको. मुलाला आणि आईंना मशीन कसं चालतं ते एकदा मिस्टरांनीच दाखवावं. आलेल्या पाहुण्यासमोर मशीन लपवायची गरज नाही. त्याचा आवाज त्यांच्या घोरण्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं ते. मिस्टर गाडी चालवतात आणि सिग्नलला त्यांना झोप लागते. मशीन रात्रभर बसेपर्यंत आणि दिवसाची झोप जाऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्यांनी गाडी चालवू नये. एक्स्प्रेस वेवरची रात्रीची आणि पहाटेची फेरी तर अजिबात नाही. पोटाचा प्रश्न आहे, मला कळतं. पण चहा, तंबाखू, काच खाली करून वारा घेणं, यातल्या कशानेही ही झोप थांबत नाही, आणि गाडीत पाठीमागे कुणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं. मालकाला आजाराचं नाव सांगून थोड्या आठवड्यांची रजा मागा. चांगली गोष्ट ही की मास्क रात्रभर राहिला तर दिवसाची झोप कमी व्हायला फार वेळ लागत नाही, पुष्कळांना आठवड्या-दोन आठवड्यांत फरक कळतो. काहीही झालं तरी रात्री दारू आणि झोपेची गोळी नको, दोन्हींनी घसा आणखी ढिला पडतो.

आयुष्यभर का? वजन, घशाची ठेवण आणि वय यांवर ते ठरतं. वजन कमी झालं तर आकडा सहसा खाली येतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत वजन दहा टक्के उतरलं तर श्वास अडण्याचा आकडा साधारण २६ टक्क्यांनी उतरेल असं दिसलं. तुमच्या ४२ ला तेवढ्याने सुटका होणार नाही, पण दाब कमी लागेल आणि मास्क सोपा जाईल. वजनाच्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली आहे. ते घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नका. वजन बरंच उतरलं तर स्लीप स्टडी पुन्हा करायची आणि मगच मशीन सोडायचा विचार. घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला असं धरू नका. घशाच्या ऑपरेशनचा परिणाम माणसागणिक बदलतो. टॉन्सिल खूप मोठे असतील तर गोष्ट वेगळी, एरवी इतक्या तीव्र आजारात ते पहिलं पाऊल नव्हे. दाताच्या डॉक्टरांकडून मिळणारी जबडा पुढे धरणारी पट्टी सौम्य-मध्यम आजारात चांगली, ४२ ला सहसा पुरत नाही.

गणपतीला गावी कोकणात जाणार असाल तर ‘चार दिवस राहू दे’ म्हणून मशीन घरी ठेवू नका, त्रास पहिल्या रात्रीपासून परत सुरू होतो. टाकीतलं पाणी ओतूनच मशीन पिशवीत भरा, नाहीतर ते आत शिरतं. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटवर विसंबू नका, ती रात्री अनेकदा बंद असतात. गावाला लाईट जाते तिथे इन्व्हर्टर असेल तर ह्युमिडिफायर बंद ठेवून मशीन चालवा, वीज पुष्कळ कमी खाते.

पैशाचं एक सांगून ठेवते. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींमध्ये सीपॅपचा खर्च वगळलेला असतो, तेव्हा दुसरा मास्क घेण्याआधी जिथून मशीन घेतलं तिथे मास्क बदलून मिळेल का, एक-दोन रात्री वापरून बघायला देतील का, ते विचारा. मशीन परत करून ओळखीतून जुनं स्वस्त घेऊ नका. फिलिप्सने आतला फोम झिजतो म्हणून जून २०२१ मध्ये आपली बरीच मशीन परत मागवली होती, आणि जुन्या बाजारात असं मशीन हाती आलं तर ओळखणं अवघड.

या आठवड्यात एवढं करा. मशीन, मास्क, नळी, मेमरी कार्ड आणि मूळ स्लीप स्टडीचा कागद पिशवीत घालून डॉक्टरांची वेळ घ्या. रोज रात्री किती वाजता मास्क लावला, जाग आली तेव्हा तो कुठे होता, नाक बंद होतं का, तोंड कोरडं होतं का, हे वहीत लिहून न्या. तिथे मिस्टरांना आडवं झोपवून मास्क बसवायला सांगा. बदल केल्यावर पंधरा दिवसांनी रिपोर्ट पुन्हा काढा. गळती थांबूनही श्वास अडण्याचा आकडा पाचच्या वर राहत असेल तर लॅबमध्ये एक रात्र झोपवून दाब ठरवायची तपासणी मागा. काही जणांत मशीन लावल्यावर घसा उघडा असूनही मेंदूकडूनच श्वासाचा इशारा मधे मधे थांबतो, त्याला उपाय वेगळा असतो आणि तो घरच्या मशीनच्या पडद्यावरून ठरत नाही. पुढे कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी हर्नियाचं असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा आणि मशीन हॉस्पिटलात बरोबर न्या.